क्रियापदाची अक्षरे: कुडल, पंढरपूर, सोलापूर

‘करतो’ हे क्रियापद कागदावर तीन अक्षरांचे आहे, तोंडात मात्र दोनच उच्चारांचे. ‘र’मधला अ निघतच नाही, ऐकू येते ते ‘कर्-तो’. ‘बसत’ यातही अक्षरे तीन, पण कानावर ‘ब-सत्’ पडते, म्हणजे इथे शेवटचा अ गेला. ‘समज’ला आ लागून ‘समजा’ झाले की उच्चार ‘सम्-जा’ होतो. ‘ला’ लागून ‘समजला’ झाले की ‘स-मज्-ला’. धातू तोच, त्याची अक्षरेही तीच, पण तो तुटण्याची जागा रूपागणिक सरकते. मराठी बोलणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. कवीला मात्र त्याचा हिशेब ठेवावा लागतो, कारण पद्यात प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली असते. क्रियापद लिहिल्याप्रमाणे मोजायचे की बोलल्याप्रमाणे, या प्रश्नाला मराठी पद्याने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतली बरीच उत्तरे एकट्या सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत सापडतात.

या जिल्ह्यातला सर्वांत जुना पुरावा दगडावरचा आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्यातले मराठी वाक्य अगदी लहान आहे: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ लावतात. चार शब्दांत दोन क्रियापदे आहेत, आणि पहिल्यापाशीच तोडणीचा प्रश्न उभा राहतो. जुन्या कोरीव लेखांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नाही. त्यामुळे ‘वाछि’ आणि ‘तो’ असे दोन शब्द मानायचे, की ‘वाछितो’ असे ‘वाचितो’च्या जवळचे एकच रूप, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या वाचनात ‘तो’ हे सर्वनाम आहे. दुसऱ्या वाचनात तोच ‘तो’ क्रियापदाचा प्रत्यय होतो. दुसरे क्रियापद ‘होईवा’ तीन स्वरांचे आहे: हो-ई-वा. आजच्या ‘होईल’मध्ये अक्षरे तीन दिसली तरी उच्चार ‘हो-ईल्’ असा दोनच तुकड्यांचा आहे. मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की कुडलच्या आधी श्रवणबेळगोळ आठवते. तिथल्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ या वाक्यातले ‘करवियलें’ पाच अक्षरांचे आहे. आज त्याच जागी ‘करवले’ येते आणि ते ‘क-रव्-ले’ असे तीन उच्चारांत संपते.

क्रियापदे अशी आखडत गेली याचे कारण आघातात शोधले गेले. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ पॅरिसमध्ये १९२० साली प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी पुढे तो मराठीत आणला. मराठीत आघाताचा मान मिळालेला स्वर टिकतो, त्याच्या शेजारचा दुबळा होतो आणि मग गळतो, हे ब्लॉक यांनी शब्दामागून शब्द घेऊन दाखवले. भाषाशास्त्रज्ञ आर. एल. टर्नर यांनी त्याआधी, १९१६ साली, याच विषयावर लेख लिहून मराठीच्या आघाताचे मूळ थेट वैदिक स्वरांपर्यंत नेले. ब्लॉक तिथपर्यंत गेले नाहीत. वाद मुळाचा होता. आघातामुळे स्वर घटतात याबद्दल दोघांचेही एकमत होते.

आजच्या आज्ञार्थातही ही घट-वाढ डोळ्यांना दिसते. ‘ऊठ’ म्हणताना ऊ दीर्घ, ‘उठा’ म्हणताना उ ऱ्हस्व. ‘शीक’ आणि ‘शिका’, ‘फीर’ आणि ‘फिरा’ ही जोडपीही तशीच. शेवटचा अ मुका झाला की सगळा भार मागच्या स्वरावर येतो आणि तो लांबतो. पुढे आ आला की भार वाटला जातो आणि इ-उ आखूड होतात. इटालियन भाषेत हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडते. ‘तो धरतो’ या अर्थाच्या ‘तिएने’मध्ये आघात पहिल्या अवयवावर असतो, म्हणून तिथे ‘इए’ हा जोडस्वर येतो; ‘आम्ही धरतो’ म्हणताना आघात पुढे सरकतो आणि रूप साधे ‘तेनिआमो’ होते. फरक इतकाच की इटालियनमध्ये आघात अर्थही बदलतो. ‘पार्लो’मध्ये पहिल्या अवयवावर जोर दिला तर ‘मी बोलतो’ आणि शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत नुसत्या जोराने काळ किंवा पुरुष बदलत नाही. त्यामुळे इटालियन कवी चरण मोजताना जोराची जागा पाहतो, त्यांच्या अकरा अवयवांच्या प्रसिद्ध चरणात दहाव्यावर आघात असावाच लागतो. वृत्तात लिहिणारा मराठी कवी अक्षराचे वजन पाहतो, म्हणजे लघू की गुरू एवढेच. चरणात बसावे म्हणून क्रियापदाचे शेपूट छाटण्याची मुभा मात्र दोन्हीकडे आहे. दान्तेच्या काळापासून इटालियन कवी ‘अमारे’चे ‘अमार’ करत आले आहेत, आणि दान्ते हा नामदेवांचा समकालीन.

नामदेवांच्या पंढरपुरात मात्र छाटण्यापेक्षा भरण्याकडे ओढा होता. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा असतो. नामदेवांच्या नावावरच्या एका अभंगात या साडेतीन चरणांच्या मापाचा उल्लेखही आहे. इथे लघू-गुरू पाहिले जात नाहीत, अक्षर दिसले की ते एक. साहजिकच बोलण्यात गिळलेला अ गाताना परत येतो. टाळाच्या ठोक्याबरोबर ‘करता’ हा शब्द ‘क-र-ता’ असा तीन घरे व्यापतो, ‘बोलत’ हा ‘बो-ल-त’ असा उमटतो, आणि शेवटच्या ‘त’लाही पूर्ण स्वर मिळतो. वारकरी भजनात शब्द जरा जास्त उघडे वाटतात त्याचे एक कारण हे मोजमाप आहे. पंढरपूरच्या वाटेवर मुक्या अक्षराला बोलायला लावणारी ही पद्धत लिहिता-वाचता न येणाऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांना अक्षरांची संख्या कोणी शिकवली नव्हती, टाळाने शिकवली होती.

ओवीचा कारभार जास्त सैल. सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधर (१६५८–१७२९) यांनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ ओवीत लिहिले, आणि श्रावणात पोथी लावण्याची चाल घराघरांत रुजली ती बरीचशी त्यांच्याच ग्रंथांवर. ग्रंथातल्या ओवीला अक्षरसंख्येचे बंधन नाही, यमकाचे आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून हे यमक बहुतेक वेळा क्रियापदाच्या प्रत्ययावरच पडते. ‘-ती’, ‘-ली’, ‘-ले’ हे प्रत्यय ओवीचे खुंट आहेत. ‘म्हणे’, ‘वदे’, ‘करी’, ‘धरी’ अशी जुनी वर्तमानकाळी रूपे बोलीतून मागे पडल्यावरही पोथीत ठामपणे टिकली. ती आखूड आहेत, स्वरान्त आहेत आणि यमकाला पटकन लागतात. बोलीतून निवृत्त झालेली क्रियापदे पद्यात नोकरीवर राहिली, ती अशी.

पंडित कवींच्या अक्षरगणवृत्तांत हा सैलपणा संपतो. वृत्तात अक्षरांची संख्या ठरलेली असते, त्यांतले लघू कोणते आणि गुरू कोणते हेही ठरलेले असते, आणि तीन-तीन अक्षरांचे आठ गण पाडून ते तपासले जातात. मराठी क्रियापदे या आठही साच्यांत बसतात: ‘निघाला’ हा य गण, ‘पाहावे’ म, ‘येईल’ त, ‘बोलता’ र, ‘करील’ ज, ‘बोलत’ भ, ‘बसत’ न आणि ‘बसला’ स. अडचण उच्चारात आहे. ‘बसला’ कागदावर लघू-लघू-गुरू आहे, पण बोलताना ‘बस्-ला’ म्हटले की तो गुरू-गुरू होतो, तीन अक्षरांची दोन उरतात आणि गण मोडतो. म्हणून वृत्तबद्ध श्लोक म्हणताना ‘ब-स-ला’ असा उच्चार करावा लागतो. मनाच्या श्लोकांसारखी भुजंगप्रयातातली रचना घरात म्हणताना मुलांचा सूर बोलण्याच्या सुरापासून वेगळा होतो, तो केवळ चालीमुळे नव्हे. गिळलेले अ पुन्हा उच्चारावे लागतात म्हणूनही.

या पेचातून सुटण्यासाठी कवींनी रूपांचा साठा केला. एकाच ‘करणे’ची ‘करी’, ‘करितो’, ‘करीतो’, ‘करीतसे’, ‘करितसे’ ही रूपे वजनाने वेगवेगळी आहेत. ‘करितो’ स गणात बसते, ‘करीतो’ य गणात. एक वेलांटी बदलली की क्रियापद दुसऱ्या साच्यात जाते. ‘झाला’ दोन गुरूंचा, ‘जाहला’ गुरू-लघू-गुरू. ‘बोलला’ आणि ‘बोलिला’ यांचे वजन लिहिण्यात सारखे, पण ‘बोलिला’मधली इ गिळता येत नाही, म्हणून तो वृत्ताला जास्त भरवशाचा. या जुन्या रूपांना नुसती काव्यमय सजावट म्हणणे चुकीचे ठरेल. ती वजनाची मापे होती.

बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) मराठी क्रियापदाची ही जात ओळखून मात्रांवर मोजल्या जाणाऱ्या आर्येकडे मोर्चा वळवला. आर्या म्हणवल्या जाणाऱ्या त्यांच्या रचना बहुतेक गीति आहेत: बारा आणि अठरा, पुन्हा बारा आणि अठरा अशा मात्रा. मात्रांच्या मोजणीत लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे दोन लघू मिळून एक गुरू. इथेच मराठीची अडचण आपोआप सुटते. ‘बसला’ लिहिल्याप्रमाणे एक, एक आणि दोन, म्हणजे चार मात्रा. बोलल्याप्रमाणे ‘बस्’च्या दोन आणि ‘ला’च्या दोन, तरीही चारच. ‘समजला’ दोन्ही हिशेबांनी पाच. ‘बसत’ दोन्हींनी तीन. गिळलेल्या अ ची मात्रा मागच्या अक्षराकडे जमा होते, हिशेब कुठेच बुडत नाही. अक्षरगणात जे खोटे पडते ते मात्रेत खरे राहते, आणि मराठी पद्य पुढे मात्रांकडे झुकत गेले त्यामागे हे एक भक्कम कारण आहे. आर्येची स्वतःची पथ्येही आहेत. चार-चार मात्रांच्या गटांत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागी ज गण चालत नाही. त्यामुळे ‘करील’, ‘करून’, ‘म्हणून’ यांसारखी रोजची लघू-गुरू-लघू रूपे त्या जागी एकसंध ठेवता येत नाहीत. याच मोरोपंतांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे आणि पृथ्वीची सुरुवातच ज गणाने होते. एका ठिकाणी दाराबाहेर ठेवलेली रूपे दुसऱ्या ठिकाणी उंबऱ्यावरच बसवली जातात.

मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेणाऱ्यांत सोलापूरचा राम जोशी होता. त्याचा जन्म सोलापुरात झाला. जन्मसाल १७५८ किंवा १७६२ असे दिले जाते, मृत्यू १८१२ च्या सुमाराचा. घर वैदिक ब्राह्मणाचे, वडील भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारे. धाकटा मात्र धोंडी शाहिराच्या फडावर रमायचा. भावाने घराबाहेर काढल्यावर तो पंढरपूरला गेला आणि बाबा पाध्ये यांच्याकडे संस्कृत शिकला. परत येऊन त्याने कीर्तने केली, पुराणे सांगितली, आणि शेवटी पुन्हा डफ-तुणतुण्याकडेच वळला. बया आणि चिमा या नाचणाऱ्यांच्या साथीने त्याचा फड पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारापर्यंत गाजला. मोरोपंतांची आणि त्याची गाठ पडल्याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. दोघांना जोडणारा खरा दुवा तंत्राचा आहे: दोघेही मात्रेवर चालणारे.

राम जोशाने पंढरपुरातून आणलेले संस्कृत लावणीत ओतले. पूर्ण संस्कृत, संस्कृत-मराठी मिश्र आणि बहुभाषी रचनाही त्याच्या नावावर आहेत. संस्कृत समासात अ कुठेच गिळला जात नाही, जोडाक्षरे मागच्या लघूला गुरू करतात, आणि ओळ भरगच्च होते. तिच्या टोकाला मराठी क्रियापद आले की तिथे अ गळतो, उच्चार सुटा होतो आणि ओळ बोलण्याच्या लयीला येऊन टेकते. विद्वत्ता आणि बोली यांची जी गंमत त्याच्या लावणीत वाटते ती बरीचशी या सांध्यात आहे. त्याच्या अनुकरणाने संस्कृत शब्दांचा भरणा करणाऱ्या कवनांत हा सांधाच हरवलेला असतो, म्हणून ती जड होतात.

ढोलकीने हे काम आणखी सोपे केले. लावणीच्या आठ मात्रांच्या आवर्तनात ‘बसला होता’ नेमके बसते: चार आणि चार. गाणारीने ते ‘ब-स-ला’ असे तीन तुकड्यांत म्हटले काय किंवा ‘बस्-ला’ असे दोन ठोक्यांत म्हटले काय, समेवर पोचायला अडचण येत नाही. एकाच ओळीत एकदा अक्षर उघडे ठेवायचे आणि पुढच्या आवर्तनात तेच मिटवायचे, ही मोकळीक वृत्तात कधीच मिळत नाही. लावणीगायकीतला खटका पुष्कळदा अशाच मिटवलेल्या अ च्या जागी येतो, कारण तिथे व्यंजन नागडे राहते आणि त्याच्यावर ढोलकीची थाप स्वच्छ पडते. राम जोशाच्या आयुष्यावर राजकमल कलामंदिरने १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट काढला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाईंचे संगीत यांमुळे सोलापूरच्या या शाहिराचे नाव तमाशा न पाहणाऱ्या घरांतही पोचले.

कवींनी कानाने ठरवलेल्या या हिशेबाला शास्त्राचे रूप मिळाले ते विसाव्या शतकात. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती १९३७ साली आली. त्यांनी मराठी पद्याचे छंद, जाति आणि वृत्त असे तीन वर्ग केले. अक्षरांची नुसती संख्या पाहणारा तो छंद, मात्रांच्या आवर्तनावर चालणारी ती जाति, लघू-गुरूंचा क्रम बांधलेले ते वृत्त. पंढरपूरचा अभंग पहिल्या वर्गात, राम जोशाची लावणी दुसऱ्यात, ‘केकावली’ तिसऱ्यात. संस्कृत छंदःशास्त्राच्या चौकटीत अभंग आणि लावणी यांना धड जागा नव्हती. पटवर्धनांनी त्यांना उपऱ्यासारखे न वागवता स्वतंत्र घर दिले, ही त्यांची मोठी कामगिरी.

छापखाना आल्यावर एक नवा गुंता झाला होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा शिष्ट रूप ‘करितों’ असे, इकारासह आणि अनुस्वारासह, लिहिले जात होते. पुढे गद्यातून ही इ हळूहळू गेली. ‘मारिला’चा ‘मारला’ आणि ‘चालिला’चा ‘चालला’ झाला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वारही काढले. महामंडळाच्या नियमांत क्रियापदाच्या अक्षरांबद्दलचा एक नेमका निर्णय आहे: ‘राहणे, पाहणे, वाहणे’ अशी रूपे लिहावीत, ‘राहाणे, पाहाणे’ नकोत, आज्ञार्थात मात्र ‘राहा, पाहा’बरोबर ‘रहा, पहा’ही चालतील. बोलणाऱ्याचा ‘हा’ आखडला होता, नियमाने तो मान्य केला. त्याच नियमांत केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य मुळाप्रमाणेच छापावे असेही सांगितले आहे. त्यामुळे राम जोशाच्या लावणीतली ‘करितो’, ‘जाहला’ ही रूपे आधुनिक लेखनाच्या नावाखाली सुधारता येत नाहीत. ‘जाहला’चे ‘झाला’ केले तर मात्रा तुटतात.

सोलापूरच्या बोलीने मात्र या नियमांची वाट पाहिली नाही. शहरात मराठीच्या शेजारी कानडी आणि विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू नांदते, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत कानडी घराघरांत आहे. इथे चालू काळासाठी ऐकू येते ते ‘करायलाय’: तू काय करायलास, तो बसायलाय, ती बोलायलीय, मी यायलोय. हे रूप शेजारच्या लातूर-धाराशिव भागातही आहे. ‘करायला लागला आहे’ या तीन शब्दांची नऊ अक्षरे इथे पाचांवर आली, आणि उच्चारात तर ‘क-राय्-लाय्’ असे तीनच तुकडे उरले. ‘लागला’मधला ‘लाग’ पूर्ण विरघळला. पुरुष, लिंग आणि वचन दाखवणारे टोक तेवढे शाबूत राहिले. उत्तर कर्नाटकातल्या कानडीत याला बरोबर जोड सापडते. तिथे ‘माडाक’, म्हणजे करायला, याच्यापुढे ‘लागणे’ या अर्थाचे ‘हत्तु’ हे क्रियापद येते आणि दोन्ही मिळून ‘माडाकत्तान’ असा एकच शब्द होतो. लागण्याचे क्रियापद चालू काळाच्या कामाला लावायचे आणि मग त्याची अक्षरे गिळून टाकायची, ही युक्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच वापरली जाते. शाळेच्या निबंधात ‘करायलाय’वर लाल रेघ पडते, सोलापूरकडच्या माणसांच्या तोंडचे संवाद लिहिताना मात्र लेखक ते जसेच्या तसे ठेवू लागले आहेत.